भिंतीवरचं ताट

"या गावाला जेवायला कुणी शिकवलं? मी शिकवलं," पेंटर म्हणाला आणि चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर ऐटीत मागे टेकला. बाकड्याला पाठ नव्हती. पेंटर थेट मागच्या राखेत गेला.

त्याला उचलायला रिटायर झालेला बसड्रायव्हर उठला. एका हातातला चहा खाली न ठेवता त्याने दुसऱ्या हाताने पेंटरला उभा केला. पेंटर हल्ली एका हाताने उचलता यायचा.

"काय शिकवलंस ते तरी सांग," ड्रायव्हर म्हणाला.

पेंटरने पँट झटकली. "दवाखान्याची भिंत कुणाची?"

"सरकारची."

"भिंत सरकारची. चित्र कुणाचं?"

दवाखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर माणसाने काय खावं याचं चित्र असायचं. सरकारचं मत बदललं की चित्र बदलायचं. सगळ्यात आधी चाक होतं, पेंटरच्या वडिलांनी काढलेलं. त्याला सात फाका, एकेका फाकेत एकेक खायची गोष्ट. मग मनोरा आला, तो पेंटरचा. तळाला धान्य आणि पाव, त्यावर भाज्या आणि फळं, त्यावर दूध, अंडी, मासे, आणि पार टोकाला तेल आणि साखर, म्हणजे ही नावापुरती खा. पुढे पुन्हा मत बदललं. माणसाने नुसतं खाऊ नये, चालावंही, म्हणून मनोऱ्याच्या कडेला पायऱ्या आल्या आणि पायऱ्यांवर चढणारा एक माणूस आला. तोही पेंटरनेच काढला.

"तुझा मनोरा मी रोज बसमधून बघायचो," ड्रायव्हर म्हणाला. "भिंतीला खालून ओल. दोन वर्षांत धान्य गळालं, चार वर्षांत भाज्या गेल्या. मग उरलं काय? तेलाची बाटली, साखरेचा डबा, आणि वर तुझ्याच अक्षरात 'आरोग्यासाठी रोज खा'. तो तुझा माणूस पायऱ्या चढून निघालाय कुठे, तर साखरेकडे. मी पण गेलो त्याच्या मागे. आता रोज सकाळी पोटात सुई टोचून घेतो."

टपरीवाला ग्लास विसळता विसळता हसला.

"ओल माझी नाही," पेंटर म्हणाला. "ओल बांधकाम खात्याची."

"बरं, ते राहू दे. आज तू काय जेवलास?"

"मी? भरपूर."

"सकाळी पाव, चहात बुडवून," टपरीवाल्याने सांगितलं. "दुपारी नुसता चहा. पाव संपले होते."

पेंटरने ब्रश उचलला आणि काम असल्यासारखा निघून गेला.

काम नव्हतं. दुकानांच्या पाट्या आता शहरातून छापून यायच्या. लग्नाचे बोर्ड छापून यायचे. बैलगाड्यांवर फुलं काढायचा त्याचा हात होता, पण गाड्याच राहिल्या नव्हत्या. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर एक दिवसाआड यायचा, आणि ज्याच्या घरात प्यायला पाणी मोजून, तो दाराला रंग कशाला लावेल?

म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा पेंटर चप्पल अर्धी घालून पळाला.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही जीप चालू झाली तर. दवाखाना म्हणजे सिस्टरच. तिने टेबलावर एक गुंडाळी उलगडली. कागदावर ताट होतं. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, उरलेल्यात चतकोर धान्य आणि चतकोर अंडी, मासे, शेंगा. बाजूला पाण्याचा पेला.

"मनोरा गेला?" पेंटरने विचारलं.

"गेला. लोकांना कळत नव्हता म्हणे. मनोऱ्यात कोण जेवतं? लोक ताटात जेवतात."

"हे त्यांना आत्ता कळलं?"

"काका, मला नका विचारू. शुक्रवारी साहेब येणार आहेत. त्यांना आवडलं तर आसपासच्या अकरा दवाखान्यांच्या भिंती तुम्हाला. नाही आवडलं तर छापलेले फ्लेक्स येतील. चार खिळे ठोकले की झालं."

पेंटरने ताटाकडे बघितलं नाही. तो मनातल्या मनात अकरा भिंती बघत होता. एका भिंतीला महिना लावला तर वर्ष निघत होतं. महिना लागत नाही, पण लावता येतो.

ते वर्ष त्याला हवं होतं मुलीसाठी. मुलगी शहरात, चौथ्या मजल्यावर राहायची, कारखान्यात पॅकिंगला जायची. गेल्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा तेराव्या की चौदाव्या दिवशी तिने बापाला स्वयंपाकघरात उभा असलेला बघितला. काडेपेटी हातात, आणि गॅस कुठून चालू करतात ते शोधत होता. "बाबा, तुम्ही माझ्याकडे चला," ती तिथल्या तिथे म्हणाली. पेंटर म्हणाला, "माझं काम इथे आहे." "ठीक आहे. काम आहे तोवर राहा. काम थांबलं की पिशवी भरायची. आणि नीट जेवायचं." दोन्ही अटी पेंटरने मान्य केल्या होत्या. पहिली आता शुक्रवारपर्यंत कशीबशी टिकणार होती. दुसरी कधीच मोडली होती.

संध्याकाळी सातला मुलीचा फोन यायचाच.

"जेवलात?"

"हो, हे काय आत्ताच."

"काय जेवलात?"

वर्षभर पेंटर भिंतच वाचून दाखवत होता. मनोरा त्याला पाठ होता. एकदा तर बोलण्याच्या भरात तो "धान्याचे अकरा भाग" असं बोलून गेला होता. "अकरा पाव खाल्ले तुम्ही?" मुलीने विचारलं होतं. "लहान होते," पेंटरने सांगितलं होतं.

आता ताटामुळे सोपं झालं. "अर्धं ताट भाजी आणि फळं," तो म्हणाला. "चतकोर भात. एक अंडं."

"भाजी कुठून मिळाली?"

"मिळते. ओळख आहे माझी."

फोन ठेवल्यावर त्याने पाव काढला. बायकोची खुर्ची टेबलाच्या पलीकडे होती, तिच्यावर आता रंगाचे डबे होते. तो पाव पेंटरने उभ्या उभ्या खाल्ला. बसायचं म्हणजे डब्यांसमोर बसायचं.

मंगळवारी त्याने भिंत खरवडायला घेतली. पत्र्याची पट्टी धरून तासभर खरवडलं की हात भरून यायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कपाळ टेकून उभा राहायचा. येणाजाणाऱ्याला वाटायचं, पेंटर विचार करतोय.

आधी पायऱ्यांवरचा माणूस गेला. मग साखरेचा डबा. त्याखाली चुन्याचा जाड थर होता, तो खपल्या निघाव्या तसा सुटला आणि आतून चाकाचा रंग दिसायला लागला. वडील रंगात डिंक घालायचे, तो अजून धरून होता. पेंटरने हात हळू केला.

चाकाच्या मध्यभागी, जिथे सगळ्या फाका मिळायच्या, तिथे वडिलांनी माणसं काढली होती. चौघं. सरकारच्या कागदावर कुणीतरी गोरीगोमटी माणसं होती, पण वडिलांचा नियम होता की डोळ्यांसमोर असल्याशिवाय काढायचं नाही. म्हणून त्यांनी घरच्यांनाच आणून भिंतीपुढे उभं केलं होतं. पेंटर तेव्हा सहा वर्षांचा. दोन दुपारी उन्हात हलायचं नाही म्हणून बहिणीने त्याला चिमटे काढलेले त्याला आठवत होते. आता आईचा डावा डोळा, कान आणि खांदा उरला होता. बहिणीचा नुसता फ्रॉक. वडिलांनी स्वतःला शेवटी काढलं होतं, आरशात बघून, त्यामुळे ब्रश डाव्या हातात होता.

सिस्टर हात पुसत बाहेर आली. "हे कोण?"

"आमचे घरचे."

"जेवणाच्या चित्रात?"

"तेव्हा असायची माणसं. मनोऱ्यात काढून टाकली. मग एकच आला, तो पायऱ्यांवरचा. आता ताटात तोही नाही."

सिस्टरने कागद उघडून बघितला. ताट, पेला आणि एक काटा होता.

"काका, पण हे चित्र काढायचं मुळात ठरवलं कुणी?"

"वडील सांगायचे, टंचाईच्या साली सुरू झालं. दुकानात काही मिळत नव्हतं. जे मिळेल त्यातलं काय सोडू नका, हे सांगायला चाक."

"आणि मनोरा?"

"मनोरा आला तेव्हा सगळं मिळत होतं. काय सोडा, ते सांगायला."

"आणि आपल्याकडे आत्ता ताट कशाला?"

पेंटरने विचार केला. "भिंत रिकामी आहे म्हणून."

सिस्टरने त्याला चुन्यासाठी दोन बादल्या पाणी दिलं. ते दवाखान्याचं हात धुवायचं पाणी होतं. त्या दिवशी कुणाला इंजेक्शन दिलं नाही.

आईच्या डोळ्यावरून चुन्याचा हात फिरवायला पेंटरला संध्याकाळ झाली. आधी त्याने भिंतीची बाकी सगळी जागा पांढरी केली. मग शिडी पुसली. मग ब्रश धुतला. धुतलेला ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला आणि डोळे मिटून दोन हात मारले. त्यातला एक खिडकीच्या काचेवर गेला.

बुधवारी अडचण आली ती वडिलांच्या नियमाची. पेंटरलाही समोर वस्तू असल्याशिवाय हात चालवता यायचा नाही. कागदावरचा कोबी बघून त्याने कोबी काढला, तर सिस्टर म्हणाली, "मेंदू छान आलाय." समोर खरा कोबी हवा होता, आणि गावात महिनाभर भाजीवाला फिरकला नव्हता.

पेंटर मोठं ताट घेऊन दारोदार गेला. "खायला नाही मागत," तो प्रत्येक दारात आधी सांगायचा. "काढायला मागतोय. परत देतो."

"असंच म्हणतात सगळे," एका घरातून आवाज आला आणि दार लागलं.

पण लोकांनी दिलं. सिस्टरने घरून एक पेरू, मूठभर तांदूळ आणि एक सुका मासा दिला. ड्रायव्हरने एक टोमॅटो दिला, एका बाजूने बसलेला. टपरीवाल्याने अंडं दिलं, वर बजावलं, "उकडलेलं नाहीये, सांभाळ." शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी परसात धुण्याच्या पाण्यावर एक गाजर जगवलं होतं. ते त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, वाकून, दोन्ही हातांनी दिलं. "शुक्रवारी सकाळी परत हवं. माझा भाऊ येणार आहे जेवायला." कोबी दवाखान्याच्या शिपायाचा. पानं पिवळी, कडेला जाळी. घेवड्याच्या सात शेंगा शेळीवाल्या मावशीच्या, त्या तिने देताना मोजल्या आणि पेंटरलाही मोजायला लावल्या.

दुपारच्या उन्हात भरलेलं ताट स्टुलावर मांडून पेंटर भिंतीपुढे बसला. वर्षात पहिल्यांदाच त्याच्यासमोर अर्धं ताट भाजी होती. त्याच्या पोटात असा आवाज झाला की आतून सिस्टरने विचारलं, "कुणी दार वाजवलं का?"

"नाही नाही."

तो टोमॅटो काढायला लागला. टोमॅटो एका बाजूने बसलेला होता, म्हणून त्याने तो बसलेलाच काढला. कोबीची पानं पिवळी होती, म्हणून पिवळी काढली. जाळीही काढली, बारीक ब्रशने, आणि ती त्याला इतकी जमली की त्याने मागे सरून दोनदा बघितलं. पेरू सुरकुतलेला होता, भिंतीवरही सुरकुतला. गाजराचा हिरवा शेंडा पुरा झाला, वरचं अर्धं गाजर झालं, आणि पेंटर नारिंगी रंग ढवळायला डब्याकडे वळला.

वळून बघतो तर शेळीवाल्या मावशीची शेळी स्टुलाशी उभी. गाजर अर्धं गेलं होतं. शेंगा सहा राहिल्या होत्या. टोमॅटोला तिने तोंड लावून नापसंत केलं होतं.

"हाड! हाड!" पेंटर ओरडला. ते कुत्र्याला म्हणतात. शेळी हलली नाही.

मावशी रस्त्याने पळत आली. "माझी शेंग?"

"तुझ्याच शेळीने खाल्ली, मावशी."

"शेळी माझी, पण ताट तुझ्याकडे होतं ना? राखण कुणाची?"

"आणि बाईंच्या गाजराचं काय?"

"ते तू आणि बाई बघा. मी शिकलेली नाही."

पेंटर अर्धं गाजर घेऊन बाईंच्या दारात गेला. साठीला आलेला माणूस, पण दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. बाईंनी चष्मा लावून गाजर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भाऊ तसाही येतो म्हणतो आणि येत नाही," त्या म्हणाल्या. "चित्र झालं होतं का पुरतं?"

"अर्धं झालं होतं."

"मग जेवढं उरलंय तेवढं काढ. नसलेलं काढायचं नाही. शाळेत असताना तुला हेच सांगत होते." त्यांनी दार लोटलं, मग पुन्हा उघडलं. "तू जेवलास का रे?"

"भरपूर," पेंटर म्हणाला आणि परत भिंतीकडे आला.

गुरुवारी ताट पुरं झालं. लोक येऊन बघून गेले. कुणी हसलं नाही. शिपाई आपल्या कोबीपुढे उभा राहिला. "माझाच आहे," तो म्हणाला. "अगदी माझाच." मावशीने सहा शेंगा मोजल्या आणि पेंटरकडे डोळे वटारले. ड्रायव्हर बराच वेळ बघून म्हणाला, "हे पहिलं चित्र, जे बघून मला भूक नाही लागली. पण खरं आहे." पेंटरने सगळ्यांच्या वस्तू दारोदार परत केल्या. अंडं न फोडता परत केलं, याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. संध्याकाळी फोनवर त्याने मुलीला अर्धं ताट भाजी सांगितली आणि शेंगासुद्धा सांगितल्या, सहा.

शुक्रवारी अकराला साहेब आले. पेंटर धुतलेला शर्ट घालून शिडीला टेकून उभा होता. तो शर्ट दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगाला बरोबर बसायचा.

साहेबांनी भिंतीकडे बघितलं. "कोबी आजारी आहे का?"

"असाच होता, साहेब."

"आणि गाजर? गाजर कुणी खाल्लंय?"

"शेळीने."

"सरकारी ताटात शेळीने खाल्लेलं गाजर?"

अकरा भिंती त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून मागे सरकायला लागल्या, बसमधून दिसतात तशा. तेवढ्यात सिस्टर पुढे आली. "सर, प्रमाण बघा ना. अर्धं म्हणजे बरोबर अर्धं आहे. मी दोरीने मोजलंय. आणि फोटोत तुम्ही इकडे उभे राहिलात तर भाजी दिसणारच नाही."

साहेब भाजीपुढे उभे राहिले. साहेब रुंद होते. फोटोत भात, मासा आणि साहेब आले.

"चांगलं आहे," फोटो बघून साहेब म्हणाले. "बाकीच्या अकरा पण ह्यांनाच द्या." आणि जीप चालू झाली, ढकलल्यावर.

पेंटर शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. वर्ष मिळालं होतं. मग त्याला एक सुचलं. "सिस्टर, तो फोटो माझ्या मुलीला पाठवाल? नंबर देतो. तिलाही कळू दे, बाप काय काम करतो ते."

सिस्टरने तिथल्या तिथे पाठवला.

मुलीचा फोन सातला यायचा. त्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटांनी आला.

"बघितलंस?" पेंटर ओरडला. "अकरा भिंती! म्हणजे आता..."

"बाबा, साहेबांच्या मागे शिडीला टेकून कोण उभंय?"

"कोण म्हणजे? मी."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"मी शर्टवरून ओळखलं," मुलगी म्हणाली. "माणूस नाही ओळखला मी."

"उन्हामुळे तसं..."

"आज काय जेवलात? भिंतीवरचं सांगू नका."

पेंटरने भिंतीकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. "पाव," तो म्हणाला.

ती शनिवारी सकाळच्या बसने आली. भांडली नाही, ओरडली नाही. खुर्चीवरचे रंगाचे डबे उचलून खाली ठेवले, त्या खुर्चीवर बसली आणि बापाची पिशवी भरली. "काम थांबलं तर यायचं असं ठरलं होतं," पेंटर म्हणाला. "काम तर आहे. अकरा..." "दोन गोष्टी ठरल्या होत्या, बाबा," ती म्हणाली. शिडी ड्रायव्हरकडे ठेवली. बाई दारात आल्या होत्या, पण बस लवकर सुटली, त्यामुळे त्यांनी हात कुणाला केला ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. पेंटर नाही म्हणून अकरा भिंतींना फ्लेक्स गेले. हिशेबात एक जास्तीचा छापून आला होता, तो आपल्याकडे लावला. दुसरा खिळा ठोकताना चुन्यासकट अर्धं ताट खाली आलं. "कुठलं अर्धं?" पेंटरने विचारलं. "भाजीचं," सिस्टर म्हणाली.

मुलगी सकाळी सातला निघायची आणि संध्याकाळी सहाला यायची. जाताना ताट वाढून, वर झाकण ठेवून फ्रिजमध्ये ठेवायची. सिस्टरकडून आणलेला ताटाचा कागद तिने नीट वाचला होता. अर्ध्यात भाज्या आणि फळं, चतकोर भात, चतकोर मासा. टोमॅटो गोल होता. गाजर पुरं होतं. पेंटर बाराला ते ताट बाहेर काढायचा, टेबलावर ठेवायचा, समोर बसायचा. भिंत पांढरी होती. खाली रस्त्यावर माणसं होती, पण चार मजले खाली. तो थोडं खायचा आणि बाकीचं, मुलगी रागवू नये म्हणून, पुन्हा सारखं करून ठेवायचा. ती रागवायची.

नवव्या दिवशी त्याला जिन्यापलीकडच्या समोरच्या घराच्या दारामागून खोकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा खोकला होता. पेंटरने ऐकलं, उठला, ताट उचललं, दुसरा चमचा घेतला आणि दार उघडून समोर गेला. दोन्ही हात भरलेले, म्हणून त्याने कोपराने घंटी दाबली.

"जेवलात का?" तो बंद दाराला म्हणाला. "मी समोरचा. दोघांना पुरेल."

खोकला थांबला. टीव्हीचा आवाज मोठा झाला.

मागे मुलीचं दार वाऱ्याने लोटलं गेलं आणि खटका लागला. किल्ली आत टेबलावर होती. पेंटर दचकून वळला, तेव्हा ताट तिरकं झालं आणि भाजीची बाजू जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. भात राहिला. तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि मुलगी सहाला यायची.